शंभर घोडे परत मिळवायचे, तर सुरुवात पाण्यापासून

तुझा प्रश्न थोडक्यात असा. मामांची २००३ची फियाट पॅलिओ १.६ तुला मिळाली आहे. दर्यापूरजवळच्या गावात ती चार वर्षं टिनाच्या शेडमध्ये उभी आहे. बॅटरी मेली आहे, टायर बसले आहेत, बाजूला सोयाबीनचं कुटार भरलेलं आहे. गाडी घरीच उभी करायची, मग मोठे अलॉय, शंकूच्या आकाराचा कोनवाला एअर फिल्टर आणि फ्री-फ्लो (धूर मोकळा जाऊ देणारा) सायलेन्सर टाकायचा असा तुझा बेत आहे. हाताशी सत्तर हजार आहेत आणि सुरुवात कुठून करू, असं तू विचारलं आहेस.

मी मूर्तिजापूरकडचा. तीस वर्षं ट्रॅक्टर आणि गाड्यांच्या कामात गेली आणि माझ्या अंगणातही एक पॅलिओ १.६ आहे, म्हणून हे उत्तर मनापासून आणि लांबलचक देतो.

ही गाडी नीट ओळखून घे. सचिन ज्या पॅलिओची जाहिरात करायचा, तिचीच ही मोठ्या इंजिनाची बहीण. १५९६ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, ते उघडणारे दोन कॅम, शंभर अश्वशक्ती. २००१-०२ साली आपल्याकडच्या लहान गाड्यांत एवढी ताकद दुसऱ्या कुणाकडे नव्हती म्हटलं तरी चालेल. शिवाय पत्रा जाड आणि स्टिअरिंग वजनदार. ऐंशीच्या पुढे गाडी रस्त्याला अशी बसते की आजच्या पुष्कळ गाड्यांना ते जमत नाही. पण तुझ्या शेडमधल्या गाडीत आज ते शंभर घोडे नाहीत. काही घट्ट झालेल्या रबरात अडकले, काही सडक्या पेट्रोलमध्ये, काही चोंदलेल्या रेडिएटरमध्ये. बाजारातून नवे पाच घोडे आणण्याआधी हे हरवलेले परत आण. सत्तरातले पंचावन्न हजार त्यातच जातील, आणि ते जाऊ दे.

आधी कागद बघ. २००३च्या खासगी गाडीची आरसी पंधरा वर्षांची, म्हणजे २०१८ला संपली. मामांनी तेव्हा नूतनीकरण केलं असेल तरी ते पाच वर्षांचंच असतं, म्हणजे २०२३ला तेही संपलं. आरटीओत फॉर्म २५ भरून, गाडी दाखवून, पर्यावरण कर भरून पुढची पाच वर्षं मिळतात. उशिराचा दंडही लागेल. नोंदणी मामांच्या नावावर असेल तर हस्तांतरणाचं आताच बघून ठेव. विमा आणि पीयूसी झाल्याशिवाय ती गावच्या पांदणीतही फिरवू नकोस. पांदणीत कुणाला लागलं तरी जबाबदारी तीच असते.

गाडीखाली जायचं असेल तर पुढचा परिच्छेद दोनदा वाच. आपली जमीन काळी. उन्हाळ्यात ती दगडासारखी वाटते, भेगा पडतात, आणि एका पावसात लोण्यासारखी होते. २००९च्या जुलैत मी घराच्या मागे गाडी जॅकवर घेतली होती. खाली एक लाकडी पाटी ठेवली होती आणि तेवढ्यावर मी निश्चिंत होतो. पाटीचा एक कोपरा मातीत दबला, जॅक तिरका झाला आणि गाडी सरकून ब्रेकच्या डिस्कवर बसली. मी तेव्हा पाना आणायला उठलो होतो. त्यानंतर आजपर्यंत जॅकवरच्या गाडीखाली मी हात घातलेला नाही. फरशी किंवा कोबा असेल तिथेच काम कर. नसेल तर शेडमध्ये दोन चाकांपुरता तरी सिमेंटचा पट्टा टाकून घे. लोखंडी घोड्यांची, म्हणजे जॅक स्टँडची एक जोडी विकत आण, गाडी त्यांच्यावर बसव, चाकांना दगड लाव, आणि हाताने हलवून बघूनच खाली जा. विटांचा चौथरा कधीच करू नकोस. वीट वजन सांगून फुटत नाही, एकदम भुगा होते.

आता पाण्याकडे येतो, कारण आपल्या भागात जुनी गाडी मरते ती बहुतेक पाण्याने. दर्यापूर म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणीच खारं. आपल्या बोअरचं पाणी पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीलाही चालत नाही, आणि तेच पाणी लोक बिनधास्त रेडिएटरमध्ये ओततात. तुझ्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे, पण वरचं हेड ॲल्युमिनियमचं. पाण्यातल्या क्लोराइडला ॲल्युमिनियम फार आवडतं. ते त्याला आतून टोकरत जातं. क्षार वेगळे बसतात, आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या किटलीच्या तळासारख्या पांढऱ्या होतात.

माझ्या स्वतःच्या गाडीचं सांगतो. मी ती घेतली तेव्हा आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं बोअरचंच पाणी टाकलं होतं. मी खालचा पाइप काढला तर गेरूसारखं लाल पाणी आलं. थर्मोस्टॅटचं (इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेचं) घर काढून बघितलं तर ॲल्युमिनियमच्या काठाला उंदराने कुरतडल्यासारखे खड्डे, बोटाचं नख अडकेल एवढे. सील कशावर बसणार? दोन महिन्यांनी मे महिन्यात अकोल्याच्या रस्त्यावर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलं. पांढरा धूर आणि काटा लाल पट्ट्यात. नवं हेड शोधायला तीन महिने लागले, शेवटी फियाटच्याच एका पेट्रा गाडीचं उतरवलेलं मिळालं. पेट्रा आणि ॲडव्हेंचर याही १.६मध्ये आल्या होत्या, ही गोष्ट लक्षात ठेव. पार्टसाठी फक्त पॅलिओ म्हणून विचारलंस तर दुकानदार नाही म्हणेल. फियाटच्या नव्या गाड्या इथे मिळत नाहीत, पण या भावंडांचे पार्ट अजून फिरतात.

तर तुझं पहिलं काम असं. इंजिन पूर्ण थंड असताना जुनं पाणी काढ आणि नेमकं काय रंगाचं आलं ते बघ. मग डिस्टिल्ड वॉटर भर, हीटरचा नॉब गरमवर ठेव, इंजिन चालू होण्याच्या टप्प्यावर आलं की पंधरा मिनिटं चालव, थंड होऊ दे, काढ. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे कर, तीन-चार वेळा तरी करावं लागेल. शेवटी चांगल्या कंपनीचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. आरओ बसवणाऱ्यांकडे टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र असतं ते एक घेऊन ठेव. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर घेताना त्यात बुडव. आकडा शून्याच्या आसपास, फार तर दहा यायला हवा. मला काही कॅनमध्ये दीडशे आलेला आहे, म्हणजे साधं फिल्टरचं पाणी. पिण्याच्या पाण्याला पाचशेपर्यंत चांगलं म्हणतात. आपल्या बोअरला दोन हजाराच्या वर जाणारी पाणी मी मोजली आहेत.

कूलंटच्या टाकीचं झाकणही नवं घे. हे झाकण म्हणजे कुकरची शिट्टी आहे. आत साधारण एक वातावरणाचा जादा दाब धरला की पाणी शंभरला न उकळता एकशेवीसच्या आसपास उकळतं, कूलंटमुळे आणखी थोडं वर. स्प्रिंग ढिली झाली की हा फायदा गेला. मग बाहेर ४५ अंश असताना गाव ओलांडायच्या आत गाडी गरम होते आणि आपण बिचाऱ्या फॅनला शिव्या देतो. पुष्कळ मिस्त्री यावर उपाय म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकतात. तसं कुणाला करू देऊ नकोस. थर्मोस्टॅट नसला की हिवाळ्यात इंजिन कधी नीट तापतच नाही, इंजिनाचा कॉम्प्युटर जादा पेट्रोल ओतत राहतो, आणि उन्हाळ्यातली खरी अडचण, म्हणजे चोंदलेला रेडिएटर, तशीच राहते.

तुझ्याकडे आणखी एक गोष्ट नक्की असणार. रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरच्या मधे कुटार अडकलेलं असेल. समोरून बघितलं तर दिसत नाही. दोन्ही वेगळे करून मधे टॉर्च मार. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत तिथे सोयाबीनच्या कुटाराची हाताच्या तळव्याएवढी जाड गादी निघाली होती, ओली होऊन वाळलेली. इंजिनच्या बाजूने बाहेर, साध्या नळाच्या धारेने धू. फवारणीचा पंप किंवा धुलाई सेंटरचा प्रेशर लावलास तर रेडिएटरच्या पातळ पत्र्याच्या पापण्या आडव्या होतील.

गाडी चालू करण्याचा मोह होईल, तो आवर. चार वर्षांचं पेट्रोल टाकीत आहे, त्याला वार्निशसारखा वास येईल. सगळं काढून टाक. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. तुझी गाडी घडली तेव्हा कुणी याचा विचार केला नव्हता. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबराला फुगवतं किंवा कडक करतं. टाकीपासून इंजिनपर्यंतचे सगळे रबरी पाइप, फिल्टर आणि इंजेक्टरच्या ओरिंग बदल. पाइप इंजेक्शन गाडीचेच माग, इथेनॉल चालणारे. कार्ब्युरेटरच्या गाडीचा स्वस्त पाइप इथल्या दाबाला टिकत नाही, आणि तो फुटतो गरम इंजिनवर. पाइप सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून दाब उतरव, बॅटरीची वायर सोड, आणि हे काम शेडच्या बाहेर कर. कुटाराजवळ पेट्रोल उघडायचं नाही.

यापुढे एक सवय ठेव. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी गच्च भरून ठेव, म्हणजे आत ओलाव्याला जागा उरत नाही. मायलेज थोडं कमी येईल. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्याचा तो हिशेब आहे. त्यावरून इंजिनात दोष शोधत बसू नकोस.

नंतर टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा (क्रँक) आणि कॅम एका तालात फिरवणारा पट्टा. बाहेरून काळा-कुळकुळीत दिसेल, पण चार वर्षं एकाच ठिकाणी दुमडून बसलेला आहे. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात आणि हेड पुन्हा बाजारात शोधावं लागतं. बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर दोन्ही बदल. पण हे एक काम घरी करू नकोस. या इंजिनाचे कॅम लॉक करायला स्वतंत्र हत्यारं लागतात आणि पिस्टन नेमका वर आहे का हे डायल गेजने बघावं लागतं. पेनाने खूण करून बेल्ट बसवणारे मिस्त्री भेटतील. एक दात चुकला तरी गाडी चालू होते आणि मग आयुष्यभर पिकअप नाही म्हणून रडते. अमरावती किंवा अकोल्यात जुन्या फियाटवर हात बसलेला माणूस शोध, त्याच्याकडे ही हत्यारं आहेत का ते आधी विचार, आणि गाडी टोचन करून घेऊन जा. माझा अनुभव असा की ज्याच्याकडे हत्यारं असतात तो ती अभिमानाने काढून दाखवतो.

बेल्ट बसला की प्लग काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाक, रात्रभर मुरू दे. सकाळी क्रँकच्या नटाला पाना लावून हाताने दोन-चार फेरे दे. अडलं तर जोर लावू नकोस. मोकळं फिरलं तर नवं ऑइल, नवा फिल्टर, मग प्लग न लावता स्टार्टर मारून ऑइलचा दिवा विझतो का बघ, आणि मगच चालू कर. हे ऑइल पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा बदल, कारण चार वर्षांची घाण ते सोबत घेऊन येतं.

ब्रेकवर कंजूषी नको. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. कोरडं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) कमीत कमी २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलं झालेलं मात्र १५५ला उकळू शकतं. घाटात त्याची वाफ झाली की पेडल तळाला जातं. सगळं ऑइल काढ, नवं भर, हवा नीट काढ, आणि दर दोन वर्षांनी हेच कर. मागच्या ड्रमचे व्हील सिलिंडर उघडून रबराची टोपी बोटाने दुमड. आत ओलं दिसलं की सिलिंडर बदलायचाच, एकाच चाकाचा नाही, दोन्हींचा. चारही रबरी होज नवे घे. ड्रममधली भुकटी हवा मारून उडवू नकोस. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पूस आणि ते फडकं पुरून टाक.

टायरचं तू मोठ्या अलॉयच्या बेताने विचारलंस, पण आधी सध्याच्या टायरवरचे शेवटचे चार आकडे वाच. ३२१७ म्हणजे २०१७चा बत्तिसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली असली तरी हे टायर बैलगाडीला दे.

आता अलॉय. बाजारात तुला सगळे चार बोल्टचे अलॉय दाखवतील आणि बसतो, बसतो म्हणतील. फियाटच्या चाकाचे बोल्ट ९८ मिलिमीटरच्या वर्तुळात असतात, स्विफ्ट आणि आय१० सारख्या गाड्यांचे १००च्या. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. एक बोल्ट नीट बसतो, बाकीचे तिरके घट्ट होतात, आणि शंभरच्या वेगाला ते एकेक करून ढिले होतात. ९८ चेच अलॉय मिळत असतील तर घे, नाहीतर लोखंडी रिम सरळ करून रंगव. शिवाय फियाटला नट नसतात, बोल्ट असतात. अलॉय जाड असेल तर बोल्ट लांब लागतो, आणि गरजेपेक्षा लांब झाला तर मागे ड्रमच्या आत जाऊन घासतो.

टायरच्या मापाचा हिशेब दरवाजाच्या स्टिकरवरच्या मापावरून कर. समजा मूळ टायर १७५/६५ आर १४ आहे. त्याची उंची ५८३ मिलिमीटर. १९५/५० आर १५ घेतलास तर ५७६, म्हणजे एक टक्क्याचा फरक, चालेल. २०५/५० आर १६ घेतलास तर ६११, जवळजवळ पाच टक्के मोठा. पिकअप जाईल, स्पीडोमीटर खोटं बोलेल, वळताना घासेल. आणि आपले रस्ते तू रोज बघतोस. काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता दर पावसाळ्यात लाटा घेतो, पुलाच्या तोंडाशी खड्डा हमखास. तिथे टायरची उंच भिंतच रिम वाचवते. माझं स्पष्ट मत आहे की या गाडीला चौदा इंचच शोभतात. ते पैसे नव्या शॉकअपवर, लोअर आर्मच्या बुशवर आणि अलाइनमेंटवर घाल. पहिल्याच वळणावर तुला कळेल की या गाडीवर लोक एवढा जीव का टाकायचे.

कोनवाला फिल्टर बसवू नकोस, आणि हे मी जुन्या वळणाचा म्हणून सांगत नाही. तो बोनेटच्या आतली हवा ओढतो. मे महिन्यात बाहेर ४५ असताना आत सहज ७० असते. हवा गरम झाली की विरळ होते. या दोन तापमानांत सात टक्क्यांचा फरक पडतो, म्हणजे शंभरातले सात घोडे फिल्टर बसवून घालवायचे. वरून तूर-कापसाच्या दिवसांतली बारीक धूळ. कागदी फिल्टर दर पाच हजार किलोमीटरला बदल. मूळ डबा आणि त्याला बाहेरची हवा आणणारा पाइप जागेवर आहेत का ते बघ, हा पाइप बऱ्याच गाड्यांत हरवलेला असतो.

फ्री-फ्लो सायलेन्सरचंही तसंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार चालत नाही, आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं आहे. तुझी गाडी आता नूतनीकरणासाठी आरटीओसमोर उभी राहणार आहे. तिला मूळ रूपातच जाऊ दे.

खरं अपग्रेड हवं असेल तर दोन सांगतो, दोन्ही घरी होतात. पहिलं अर्थिंग. बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी या जाड पट्ट्या काढून पॉलिश पेपरने घास, लागलं तर नव्या टाक. मल्टीमीटरची एक तार बॅटरीच्या वजा टोकाला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावून कुणाला तरी स्टार्टर मारायला सांग. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर दोष तिथे आहे. जुन्या फियाटच्या निम्म्या विचित्र तक्रारी इथेच मिटतात.

दुसरं हेडलाइटला रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठी लाइन चालू करणारा स्विच. जुन्या वायरीतून आणि स्विचमधून जाताना बल्बपर्यंत व्होल्टेज दहा टक्के घटलं तर प्रकाश जवळजवळ तीस टक्के घटतो. शंभर वॅटचे बल्ब टाकलेस तर होल्डर वितळतील. साधे ६०/५५ वॅटचेच ठेव, पण रिलेमधून फ्यूज लावून बॅटरीची थेट लाइन दे. रात्री अंजनगावच्या रस्त्यावर बिनदिव्याची बैलगाडी किती लांबून दिसते ते मग तूच बघ. वायरिंग उघडलंच आहेस तर उंदरांनी सोललेल्या जागा हात फिरवून शोध, नुसतं बघून सापडत नाहीत. आणि कुटार दुसऱ्या शेडमध्ये हलव. ते जोवर शेजारी आहे तोवर उंदीर बोनेटमध्ये राहणारच.

सगळं झालं, कागद हातात आले, गावाभोवती दोन-तीनशे किलोमीटर फिरून झाले, की एक दिवस पहाटे निघ. अंजनगाव सुर्जीवरून परतवाडा, तिथून चिखलदऱ्याचा घाट. सोबत पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर आणि एक पाना-संच ठेव. चढताना एसी बंद, नजर तापमानाच्या काट्यावर. काटा मध्यावर स्थिर राहिला तर तुझं पाण्याचं काम बरोबर झालं. वर पोचलास की इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेव, मग उतरून चारही चाकांच्या मधोमध तळहाताची मागची बाजू जवळ ने, टेकवू नकोस. डावं-उजवं सारखं गरम असलं पाहिजे. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक अडकतोय, तो वरच सोडव. खाली उतरताना दुसरा गिअर टाक आणि ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस. घरी आल्यावर गाडी रात्रभर त्या सिमेंटच्या पट्ट्यावर उभी कर, खाली एक पांढरा पुठ्ठा अंथर, आणि सकाळी त्यावर कशाचा आणि कुठे थेंब पडला आहे ते मला कळव.